एका माणसाने अवजार जोडायचं: ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी

१८ ऑगस्ट, रविवार

आज ट्रॅक्टरला रोटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) जोडायला १ तास २० मिनिटं लागली. माणसं तीन: मी, पोरगा आणि शेजारचे आप्पा. हत्यारं: पहार, घण, लाकडी ठोकळे आणि आप्पांच्या शिव्या. ट्रॅक्टरच्या मागे अवजार धरणारे दोन लोखंडी हात असतात. डावा हात बसला की उजवा दोन इंच खाली. उजव्यासाठी पहार लावून रोटर उचलला की डावा निसटला. शेवटी आप्पा रोटरच्या एका कडेवर उभे राहिले, पोराने पहार दाबली आणि मी पिनेवर घण घातला. पिन गेली. आता काढतानाही घणच लागणार.

पाडव्यापर्यंत हा प्रश्न आमच्याकडे नव्हता. सालगडी होता आणि त्याच्या अंगात इतका जोर होता की रोटर मांडीने रेटून बसवायचा. पाडव्याला त्याचं साल संपलं, पुढचं त्याने धरलं नाही. तो गेल्यावर कळलं की आमची जोडणी कधी नीट नव्हतीच, त्याचा जोर ती झाकून ठेवत होता.

नाशिकच्या सातपूरला १२ वर्षं प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला होतो. तिथे डाय (प्रेसचा साचा) बदलायला वेळ लागला की सुपरवायझर काही न बोलता घड्याळाकडे बघायचा. ती सवय अजून अंगात आहे, म्हणून ही वही. ठरवलंय ते एवढंच: एक माणूस, १० मिनिटं, पहार नाही. मुदत द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीपर्यंत. छाटणीआधी रोटर, मोगडा, पुन्हा रोटर असं चालतं आणि छाटणीनंतर फवारणीचा ब्लोअर सुटतच नाही.

ट्रॅक्टर २४ एचपीचा, द्राक्षाच्या नऊ फुटी ओळीतून जाणारा. निफाडची काळी जमीन. अवजारं चार: तीन फुटी रोटर, पाच फणांचा मोगडा, सरी काढायचा रिजर आणि ६०० लिटरचा ओढता ब्लोअर.

२० ऑगस्ट

कपाटातून व्हर्नियर काढला. बायको म्हणाली, कंपनी सुटली पण हे सुटलं नाही.

खालच्या हातांच्या टोकाला जे बॉल असतात त्यांचं भोक २२ मिमीच्या पिनेसाठी असतं, वरच्या टॉप लिंकची (अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याची) पिन १९ ची. याला कॅटेगरी वन म्हणतात, लहान ट्रॅक्टरला हीच. मोठ्यांची कॅटेगरी टू, खाली २८ आणि वर २५. आमच्या डाव्या बॉलचं भोक एका बाजूने २४ भरलं, दुसऱ्या बाजूने २३. गोल राहिलेलंच नाही. रोटरची डावी पिन झिजून २१, उजवी वाकलेली. ती वाकलीये हे डोळ्यांना दिसत नव्हतं, सरळ पट्टी लावल्यावर दिसलं. गेल्या पाच वर्षांत तिच्यावर जेवढे घण पडले ते सगळे या वाकड्या दोन मिलिमीटरसाठी होते.

मोगडा जुन्या बाजारातला, मोठ्या ट्रॅक्टरचा. त्याच्या २८ च्या पिना कापून कुणीतरी २२ चा बार वेल्ड केलाय, तोही तिरपा. रिजर अरुंद मापाचा. पूर्ण कॅटेगरी वनमध्ये खालच्या दोन जोडांत ६८३ मिमी अंतर असतं, अरुंद मापात ४००. म्हणजे रिजरला हात आत दाबून घ्यावे लागतात आणि चेकच्या साखळ्या (हात आडवे झुलू न देणाऱ्या) प्रत्येक वेळी सोडाव्या लागतात. चार अवजारं आणि तीन मापं. पहार उगीच लागत नव्हती.

खरा शोध मात्र वेगळाच. खालचे दोन्ही हात ज्या उभ्या रॉडांनी लिफ्टला टांगलेले असतात, त्यांतल्या उजव्या रॉडला एक हँडल असतं. ते फिरवलं की उजवा हात एकटा वर-खाली होतो. डाव्याला हँडल नसतं. हे हँडल आमच्याकडे रंगाच्या थराखाली होतं. फिरवून बघितलं, हललं नाही. ज्या दोन इंचांसाठी तीन माणसं घाम गाळत होती, ते दोन इंच देणारा स्क्रू कधीपासून गंजून बसलाय कोण जाणे.

२१ ऑगस्ट

स्क्रूवर डिझेल टाकून फडकं गुंडाळून ठेवलं. संध्याकाळी पुन्हा टाकलं.

२३ ऑगस्ट

हललं. आधी पाव फेरा, मग मागे, मग अर्धा. आट्यांतून काळी माती आणि जुनं ग्रीस शेवयांसारखं बाहेर आलं. वायर ब्रश मारला, नवीन ग्रीस भरलं. आता पोरगाही एका हाताने फिरवतो. टॉप लिंकचंही तेच केलं. तिच्या दोन टोकांचे आटे उलटसुलट असतात म्हणून मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर जातात. आमची नळी एका टोकावरच फिरत होती, दुसरं टोक ठप्प होतं.

पिंपळगावहून आणलं: २२ च्या दोन पिना, डाव्या हाताचं बॉल बसवलेलं टोक, लॉक पिना १२. लॉक पिना १२ का, तर त्या हरवतात. आजवर त्यांच्या जागी काय काय घातलं ते लिहून ठेवतो: वाकवलेला खिळा, मांडवाची तार, स्क्रू ड्रायव्हर आणि एकदा आईची केसातली पिन.

२५ ऑगस्ट, रविवार

पहिली चाचणी. क्रम असा: डावा हात, मग उजवा, मग टॉप लिंक, सगळ्यात शेवटी पीटीओचा (इंजिनाचा फेरा अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टोकाचा) शाफ्ट. डावा आधी, कारण त्याची उंची बदलता येत नाही. ट्रॅक्टरच त्याच्या मापाने आणायचा. उजव्याला हँडल आहे, तो मागून जुळवून घेतो. टॉप लिंक लांब-आखूड होते, तिचा नंबर तिसरा. ट्रॅक्टरच्या पुस्तकात हे दोन ओळींत दिलंय. पुस्तक टूलबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, पिशवी उघडलेली नव्हती.

वेळ ३४ मिनिटं, माणसं दोन. पोरगा सीटवर होता. मी डावी पिन घालत असताना "अजून थोडं खाली?" असं विचारून त्याने उत्तराची वाट न बघता लिव्हर सोडला. माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट बॉल आणि पिनेच्या पट्टीत आलं. नख काळं पडलंय, हाड वाचलं. चूक त्याची नाही, चालू ट्रॅक्टर आणि अवजाराच्या मध्ये मी उभा होतो. आता नियम: ट्रॅक्टर मागे येताना मध्ये कुणी नाही, मी खाली उतरलो की इंजिन बंद आणि हँडब्रेक वर, सीटवर कुणी नाही. दुसरा माणूस मदतीला असतो तेव्हाच बोट जातं, हे उलटं वाटतं पण तसंच आहे.

इंजिन बंद ठेवून काम करताना एक गोष्ट लक्षात ठेवायची. बंद असताना लिव्हरने हात वर येत नाहीत, खाली मात्र येतात. म्हणून उतरण्याआधी डावा बॉल पिनेपेक्षा इंचभर वर ठेवायचा आणि मग लिव्हर अलगद सोडत खाली आणायचा.

३४ मिनिटांतली २० गेली रोटर सरळ करण्यात. लिंबाखाली मातीत सोडलेला होता, पावसाने एक बाजू रुतली होती. म्हणजे आजचा वेळ आज गेलाच नाही. मागच्या वेळी अंधार पडला म्हणून मी तो जिथे होता तिथे टाकून आलो, तेव्हाच गेला होता.

२ सप्टेंबर, पोळा

काम बंद. आमच्याकडे आता बैल नाहीत, मातीच्या जोडीची पूजा केली. आमचे दादा, बैलांच्या नांगरावर शेती केलेले, दुपारी शेडमध्ये येऊन बसले. उजव्या रॉडचं हँडल दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "बैल बरा होता. जू उचललं की आपण होऊन मान घालायचा. हे तुझं जनावर मान घालत नाही."

मी त्यांना टॉप लिंक दाखवली. ही आखूड केली की मोगड्याचं तोंड खाली जातं, लांब केली की वर येतं. ते म्हणाले, यात नवीन काय, आम्ही दांडीवर जू पुढे-मागे बांधायचो, त्यावर नांगर खोल जायचा की वर चालायचा ते ठरायचं. बरोबर आहे. फक्त त्यांच्याकडे खाचा चार आणि आमच्याकडे आटे.

हे दोन हात आणि टॉप लिंक अशा तीन बिंदूंच्या जोडणीचं प्रकरण हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाचं. काउंटी डाउनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८८४ चा. त्याच्या आधी ट्रॅक्टरच्या मागे नांगर गाडीसारखा साखळीने किंवा दांड्याने ओढायचे. नांगर दगडाला अडला की मागची चाकं फिरत राहायची, पुढची उचलायची आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. फर्ग्युसनने अवजार ट्रॅक्टरचाच भाग करून टाकलं. खालचे दोन हात ओढतात, वरची लिंक मात्र नांगरताना ओढत नाही, ती दाबली जाते. अवजाराचं वरचं टोक पुढे झुकू बघतं आणि ती लिंक त्याला थोपवते. अवजाराचं वजन आणि मातीचा भार मागच्या चाकांवर येतो, पुढचं तोंड जमिनीवर राहतं. हलका ट्रॅक्टर भारी काम करतो तो यामुळे. त्याचं पेटंट १९२६ चं. १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला आणि १९३९ मध्ये फोर्डचा ९ एन ट्रॅक्टर ही जोडणी घेऊन बाजारात आला. पुढे फोर्डच्या नातवाच्या काळात तो करार मोडला, कोर्टकचेरी झाली आणि १९५२ मध्ये फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. आपल्याकडे मद्रासला १९६० मध्ये टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसन नावाने त्याचं आडनाव खेड्यापाड्यांत पोचलं. आमच्या गावात "मॅसी" म्हणतात, फर्ग्युसन कुणाला माहीत नाही.

दादांना हस्तांदोलनाची गोष्ट आवडली. म्हणाले, सातबारा नव्हता वाटतं.

८ सप्टेंबर

शेडपुढे १० बाय ८ फुटांचा कोबा टाकला, चार इंच जाडीचा, खाली मुरूम. गणपती बसलेत, गवंडी अर्ध्या दिवसात पळाला, पण पातळी बरी आली. आठ दिवस पाणी मारायचं.

१२ सप्टेंबर

वेल्डरकडे. रोटरसाठी ट्रॉली: दोन इंची अँगलची चौकट, खाली चार फिरती चाकं, दोघांना ब्रेक. रोटर पावणेदोनशे किलोच्या आसपास, चाकं प्रत्येकी १०० किलो पेलणारी घेतली. वेल्डर विचारत होता, चाकं कशाला, तुझ्याकडे ट्रॅक्टर आहे ना? इथेच तर मेख आहे. ट्रॅक्टरने शेवटचा एक इंच गाठता येत नाही. क्लच सोडला की तो तीन इंच येतो, दाबला की तिथेच अडतो. कोब्यावर चाकांचा रोटर मात्र मी बोटाने ढकलू शकतो. ट्रॅक्टर जवळपास आणायचा आणि शेवटचा इंच अवजाराने चालायचा.

मोगड्याच्या तिरप्या पिना कापून २२ च्या नव्या लावून घेतल्या. या वेळी आधी दोन्ही भोकांतून एकच लांब सरळ बार घातला, त्यावर टाके मारले, मग पूर्ण वेल्ड केलं. नाहीतर उष्णतेने पिन ओढली जाते आणि पुन्हा तिरपी.

१५ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस वाईट आणि पूर्णपणे माझ्या चुकीचा.

रोटरच्या जुन्या शाफ्टचा क्रॉस (टोकाचा, कोनात वळू देणारा सांधा) वाजत होता म्हणून नवा शाफ्ट आणला. चौकोनी बार आणि त्यावर चौकोनी पाइप, एकात एक सरकणारे. रोटर कोब्यावर जमिनीला टेकलेला असताना लावला, दोन्हीकडे खटका बसला, छान वाटलं. जोडणीला १६ मिनिटं लागली होती, त्या आनंदात होतो. लिफ्ट वर घेतली. अर्ध्याच्या जरा वर गेल्यावर "धप्" असा बसका आवाज आला आणि ट्रॅक्टर एकदम गप्प झाल्यासारखा वाटला. लिव्हर अजून वर ओढला. तो ओढायला नको होता.

खाली उतरून बघतो तर शाफ्ट पूर्ण मिटलेला, बार आतल्या टोकाला टेकलेला. अवजार वर उचलताना वाटेत एक जागा अशी येते की पीटीओचं टोक आणि रोटरच्या गिअरबॉक्सचं टोक सगळ्यात जवळ येतात. आमच्या जोडीत दोन्ही टोकं जवळजवळ एका उंचीला येतात तिथे. मी मोजलं होतं जमिनीवर टेकलेलं असताना, तेव्हा ती दूर असतात. शाफ्टला मिटायला जागा नव्हती, तेव्हा लिफ्टचा सगळा जोर पीटीओच्या टोकावर गेला. संध्याकाळी पीटीओखाली कोब्यावर तेलाचा ठिपका होता, रुपयाएवढा. नव्या कोब्यावर तो फार उठून दिसला.

१७ सप्टेंबर

मिस्त्रीने सील बदलला. बेअरिंग हाताने हलवून बघितली, म्हणाला वाचलात. त्याने एक वाक्य ऐकवलं ते लिहून ठेवतो: "शाफ्ट दुकानात मोजत नसतात, ट्रॅक्टरवर मोजतात."

आज नीट मोजलं. शाफ्टचे दोन अर्धे वेगळे केले. एक पीटीओला लावला, दुसरा रोटरला, आणि ते शेजारी शेजारी धरून लिफ्ट हळूहळू वर-खाली केली. प्रत्येक वेळी इंजिन बंद, लिफ्टखाली ठोकळे. सगळ्यात जवळची जागा: ५४५ मिमी. सगळ्यात दूरची: ६१०. शाफ्ट पूर्ण मिटलेला ५६० भरत होता, म्हणजे १५ मिमीने लांब. एवढ्याशा १५ मिमीने सील खाल्ला. शिवाय मिटल्यावरही किमान २५ मिमी मोकळी जागा हवी. ५४५ मधून २५ गेले, ५२०. म्हणून ४० मिमी कापायचे.

कापायचे ते दोन्हीकडून. नुसता पाइप कापला तर बार पुढे जाऊन टेकतो, नुसता बार कापला तर पाइप. बार ४०, पाइप ४०, आणि वरच्या प्लॅस्टिकच्या दोन्ही कव्हरांमधूनही ४०. कापलेल्या कडा कानसीने घासल्या, आतली खरबरीत धार काढली. ती राहिली तर बार सरकताना ओरखडे पडतात आणि शाफ्ट अडकतो. ग्रीस चोपडलं. सगळ्यात दूरच्या जागीही बार पाइपात निदान एक तृतीयांश राहायला हवा. आमचा त्याहून बराच जास्त राहतो.

कव्हराला एक बारीक साखळी येते, ती ट्रॅक्टरच्या बाजूला अडकवायची असते म्हणजे कव्हर फिरत नाही. गावात निम्म्या शाफ्टना कव्हरच नाही. पीटीओ ५४० वर फिरतो, सेकंदाला नऊ फेरे. दादा धोतर नेसतात आणि खांद्यावर उपरणं असतं. त्यांना सांगितलं, रोटर चालू असताना मागे यायचं नाही. रागावले. रागावू दे.

२१ सप्टेंबर

दोन ओळी रोटर मारला. खालून खडखड. जुन्या मळणी यंत्रात दगड गेल्यासारखी. वाटलं क्रॉस खराब मिळाला. पाती बघितली, गिअरबॉक्सचं तेल बघितलं, टॉप लिंक दोन फेरे लांब करून बघितली. काही फरक नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

सापडलं. ग्रीस मारायला शाफ्टखाली वाकलो तर एका टोकाच्या क्रॉसचं निप्पल माझ्याकडे होतं आणि दुसऱ्या टोकाचं आकाशाकडे. कापून झाल्यावर बार पाइपात घालताना मी तो पाव फेरा फिरवून घातला होता. चौकोनी असल्यामुळे चारही बाजूंनी जातो, तो काही बोलत नाही.

शाफ्टच्या आतल्या बाजूचे दोन्ही दुबेळके (क्रॉस धरणारे दोन फाट्यांचे तुकडे) एकाच पातळीत हवेत. कारण असं की शाफ्ट कोनात फिरतो तेव्हा एक क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दुसरा क्रॉस त्याच मापाने उलट करतो आणि गिअरबॉक्सला सरळ फेरा मिळतो. दुबेळके काटकोनात बसले तर दुसरा क्रॉस ती चूक पुसण्याऐवजी दुप्पट करतो. काढला, पाव फेरा फिरवून घातला. खडखड गेली. बार आणि पाइप दोघांवर पांढऱ्या रंगाने एकेक रेघ मारली. रेघेला रेघ.

२६ सप्टेंबर

तीन दिवस पाऊस. वाफसा नाही, बागेत पाय घोट्यापर्यंत जातो. फोनवर झटपट जोडणीची त्रिकोणी चौकट बघत बसलो. ती ट्रॅक्टरला कायमची लावायची आणि सीटवरूनच अवजार आकड्यात उचलायचं. मोह पडतो. पण तिच्यामुळे अवजार चारेक इंच मागे सरकतं, म्हणजे नुकताच कापलेला शाफ्ट आखूड पडणार आणि बागेच्या टोकाला वळताना तेवढी जागा जास्त लागणार. आमच्या बांधाकडे ती नाही. शिवाय सगळ्या अवजारांची उंची आणि रुंदी एका मापाची पाहिजे; आमच्या रिजरसाठी ती चौकट कामाचीच नाही. एकसारखी नवी अवजारं असतील त्याने जरूर घ्यावी. मी बंद केलं पान.

त्याऐवजी एक फुकटचं काम केलं. मागे येताना सीटवरून रोटरचा मधला भाग दिसत नाही, मान मोडते. रोटरच्या मधल्या उभ्या पट्ट्यांमध्ये पोराचा एक स्टंप उभा बांधला, वर लाल फडकं. आता टॉप लिंकचं टोक आणि स्टंप एका रेषेत ठेवून मागे यायचं. पहिल्याच प्रयत्नात दोन बोटांच्या फरकाने आलो. पोराला सांगितलं नाही अजून.

१ ऑक्टोबर

वाफसा आला. मोगडा. नव्या पिनांनी दोन्ही हात घण न लावता बसले, ११ मिनिटं.

सपाट कोब्यावर मोगडा टेकवून बघितला तर पुढचे फण टेकलेले आणि मागचे बोटभर वर. टॉप लिंक दोन फेरे लांब केली, पाचही फण टेकले. डावी-उजवी पातळी उजव्या हँडलने. हे शेतात ढेकळांवर बघून कळत नाही, कोब्यावर लगेच दिसतं. कोब्याचा हा उपयोग मी धरला नव्हता.

चेकच्या साखळ्या मात्र ढिल्या राहिल्या होत्या. तिसऱ्या ओळीत मोगडा डावीकडे झुलला आणि ठिबकची नळी फणात आली. पंधरा फूट ओढत नेल्यावर मागे बघितलं. बागेत साखळ्या ताठ हव्यात, जेमतेम बोटभर खेळ ठेवून, कारण दोन्ही बाजूंना नळ्या आणि खोडं आहेत. मोकळ्या रानात नांगराला थोडं झुलू द्यावं लागतं, तो आपली वाट धरतो. पण अगदी करकचूनही नको. हात वर गेले की साखळ्या आणखी ताणल्या जातात, म्हणून आवळल्यावर एकदा पूर्ण वर उचलून बघायचं.

ठिबक जोडायला दोन जॉइनर लागले.

६ ऑक्टोबर, रविवार

ब्लोअर. हा उचलायचा नसतो, ओढायचा असतो. खालच्या दोन हातांत भोकांची आडवी पट्टी बसवून मधल्या भोकात पिन टाकली की झालं, ५ मिनिटं. फक्त पट्टी लावल्यावर कुणी चुकून लिफ्टच्या लिव्हरला हात लावला तर पट्टी वर जाते आणि शाफ्टचा कोन बिघडतो. लिव्हरच्या खाचेत लाकडी पाचर ठोकली. वळताना पीटीओ बंद, हे सवयीचं आहे.

११ ऑक्टोबर

छाटणी परवापासून. आज बागेत शेवटचा रोटर मारला आणि उद्याच्या पूजेसाठी सगळी अवजारं कोब्यावर मांडली. मांडताना सोडायचा क्रम: आधी इंजिन बंद करून शाफ्ट, मग टॉप लिंक, मग उजवा हात, शेवटी डावा. रोटर ट्रॉलीवर उतरवला. शाफ्टचं टोक जमिनीवर पडू नये म्हणून आकड्यात टांगलं. लॉक पिना त्यांच्या त्यांच्या भोकात परत घातल्या, प्रत्येकीला सुतळीने बांधलंय. उजव्या हँडलचे किती आटे बाहेर आहेत ते रोटरवर खडूने लिहिलं: सात. मोगड्यावर पाच.

एवढं करायला ६ मिनिटं जास्त लागली.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजा. ट्रॅक्टरला झेंडूची माळ, रोटरला, मोगड्याला, पहारीलाही. दादांनी पहारीला जरा जास्तच कुंकू लावलं.

दुपारी दादांसमोर रोटर जोडून दाखवला, एकट्याने. स्टंप बघत मागे आलो, उतरलो, रोटर इंचभर पुढे ढकलला. डावा. हँडल फिरवून सात आटे, उजवा. टॉप लिंक. रेघेला रेघ, खटका दोन्हीकडे. ९ मिनिटं १० सेकंद. दादा घड्याळाकडे बघत नव्हते, झेंडूची माळ शाफ्टमध्ये जाईल म्हणून काढत होते.

रिजर अजून राहिलाय. अरुंद मापाचा, त्याला १८ मिनिटं लागतात. त्याची चौकट कापून रुंद करायची की विकून दुसरा घ्यायचा ते छाटणीनंतर बघू.

संध्याकाळी पोरगा शेडमध्ये आला, रोटरवरचं लाल फडकं सोडलं आणि स्टंप घेऊन गेला. उद्या मॅच आहे म्हणे. दुसरी काठी शोधायला हवी.